सल्लागार समितीवाल्यांनो, पुढची मीटिंग वर्कशॉपमध्ये घ्या

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव (जिल्ह्याच्या कौशल्य समितीचे अध्यक्ष या नात्यानं), आणि खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंतच्या आयटीआय, पॉलिटेक्निकांच्या सल्लागार समित्यांवर ज्यांची ज्यांची नावं लागलेली आहेत ते सगळे शेठ, प्राचार्य आणि अधिकारी लोक,

नमस्कार.

मी टर्नर आहे, म्हणजे लेथवर गोल भाग कातणारा. १९९८ ला आयटीआय पास झालो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो आणि मग बायकोचे दागिने आणि सोसायटीचं कर्ज असं सगळं जमवून २०१२ ला स्वतःचं शॉप टाकलं. शॉप कसलं, भाड्याचं पत्र्याचं शेड. आता त्यात दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी टर्निंग सेंटर आहेत, एक सेकंडहँड व्हीएमसी (तसलीच उभी मिलिंग मशीन) आहे आणि मला धरून आठ माणसं आहेत, हायड्रॉलिक सिलिंडरचे ग्लँड, पिस्टन, बुश असलं जॉबवर्क करतो. हे एवढ्यासाठी सांगितलं की उद्या कोण म्हणायला नको, हा कोण लागून गेलाय सल्लागारांना सल्ला देणारा. मी पण सल्लागार होतो ओ. तीन वर्षं. तीच गोष्ट आधी सांगतो.

शॉप टाकून वर्षभर झालं असेल, एका सरकारी आयटीआयच्या मॅनेजमेंट कमिटीवर स्थानिक उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून माझं नाव गेलं. माझी लायकी बघून नव्हे. मूळ नाव ज्या शेठचं होतं त्यांना वेळ नव्हता आणि मी त्यांचंच जॉबवर्क करायचो, ते म्हणाले तू जा रे, चहा पिऊन ये. मी खरंच चहा पिऊनच आलो. तीन वर्षांत पाच मीटिंगा झाल्या, सगळ्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये, साडेअकराला, उप्पीट आणि शिरा. मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचून कायम करणे, कंपाउंडचा रंग, बँकेतल्या एफडीचं व्याज, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाचा खर्च, आभार. पलीकडच्या भिंतीला लागून वर्कशॉप होतं, चक फिरल्याचा आवाज केबिनमध्ये यायचा, पण पाच मीटिंगांत आमच्यातलं एक माणूस उठून तिकडं गेलं नाही. मी पण नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेलो.

आणि एक पोरगा असायचा, फिटरचा, सडपातळ, खानापूर तालुक्यातला. तो चहाचा ट्रे आणायचा, सगळ्यांना द्यायचा, मग दाराजवळ उभा राहायचा आणि शेवटी कप गोळा करून न्यायचा. मला वाटायचं शिपाई रजेवर असेल. तिसऱ्या मीटिंगला हजेरीचा कागद माझ्याकडं आला तेव्हा बघितलं तर माझ्या खालची ओळ त्याची होती, नाव, सही, आणि पुढं छापलेलं, 'सदस्य, विद्यार्थी प्रतिनिधी'.

तो मेंबर होता! माझ्याइतकाच. त्याला बसायला खुर्ची नव्हती.

हे नियमात आहे बरं का, कोणी उपकार म्हणून केलेलं नाही. २००७-०८ पासून केंद्र सरकारनं १,३९६ सरकारी आयटीआय खासगी भागीदारीत घेतल्या, एकेका आयटीआयला अडीच कोटीपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं, दहा वर्षं हप्ता नाही, पुढं वीस वर्षांत फेडायचं. आणि हे पैसे कसे वापरायचे ते ठरवायला कमिटी नेमायला सांगितली. अध्यक्ष उद्योगातला, त्यांच्याबरोबर उद्योगातलेच आणखी चार, सरकारकडून पाच, आणि त्या पाचांत जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा एक माणूस, शिक्षण क्षेत्रातला एक जाणकार, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि एक विद्यार्थी. प्राचार्य सचिव. म्हणजे कागद लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलेला, मशीन ज्याला शिकायची आहे त्याला पण एक खुर्ची ठेवलेली. आम्ही त्या खुर्चीवर कोण बसला ते बघितलं नाही आणि त्याच्या हातात ट्रे दिला.

आता सध्याचं सांगतो. मागच्या वर्षी पावसाळा लागता लागता एक पोरगा ट्रायलला आला, टर्नर ट्रेड, दोन वर्षं पूर्ण. मार्कलिस्ट बघितली तर थिअरीत मला कधी पडले नाहीत एवढे मार्क. व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती रे म्हटल्यावर पटकन म्हणाला पॉइंट झिरो टू. मायक्रोमीटरचा? पॉइंट झिरो वन. म्हटलं वा. मग एक बुश हातात दिला, ड्रॉइंग पुढं ठेवलं, बोअर (आतलं भोक) ५० एच७, आणि म्हटलं हा जॉब ओके का रिजेक्ट तेवढं सांग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ५० एमएमच्या बोअरला एच७ म्हणजे वर फक्त २५ मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक एमएम) मुभा आणि खाली शून्य. ५०.०२५ पर्यंत चालतंय. ४९.९९ झाला तर रॉड अडकणार, ५०.०५ झाला तर ढिला पडणार आणि अख्खा लॉट पार्टी परत पाठवणार. पोरानं काय केलं, व्हर्नियर घेतला आणि वरचे दोन जॉ बोअरमध्ये घालून बघत बसला, डोळे बारीक करून, एकदा उजेडाकडं, एकदा पाठ फिरवून. अरे बाबा, वीस मायक्रॉनच्या खालचं ज्याला दिसतच नाही त्या व्हर्नियरनं तू पंचवीस मायक्रॉनचा न्याय कसा करणार? मी बोअर गेज, म्हणजे भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन, पुढं सरकवला. तो त्याच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "चित्रात बघितलाय सर."

चित्रात बघितलाय. परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, तिला सीबीटी म्हणतात (आम्हा बेळगावकरांना सीबीटी म्हटलं की बसस्टँडच आठवतो, असो), चार पर्याय, एकावर टिचकी. बोअर गेज कशासाठी वापरतात याचं उत्तर त्यानं बरोबरच दिलेलं असणार. मी त्याला ठेवून घेतला. पंधरा दिवसांत गेज शून्याला सेट करून घ्यायला लागला, महिन्याभरात मला न विचारता मशीनला ऑफसेट (टूलची बारीक दुरुस्ती) देऊन साइझ पकडायला लागला, म्हणजे पोरात काही खोट नव्हती. मग मी खोदून विचारलं, तुमच्या आयटीआयत बोअर गेज नव्हताच का? म्हणाला एक होता, कपाटात, स्टॉक बघायला साहेब आले की बाहेर निघायचा.

हे ऐकून मला राग शिक्षकाचा आला होता. मग माझ्या ओळखीच्या एका इन्स्ट्रक्टरना विचारलं तर ते म्हणाले, अरे तो गेज स्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर चढवलेला असतो, वीस पोरांच्या हातात दिला आणि एकानं पाडला तर माझ्या पगारातून जाणार, मी काय खुळा आहे काय. बरोबर आहे की त्यांचं! सीएनसीवर प्लॅस्टिकचं कव्हर का असतं त्याचं पण उत्तर तेच, इन्सर्ट तुटतात, कूलंट लागतो, टूल होल्डर आपटतो, शिकणारा पोरगा मशीन ठोकणारच, मी स्वतः किती ठोकल्यात मला माहीत. पण वस्तू मोडली तर ती शिकण्यात मोडली असं लिहून रजिस्टरमधून खाली उतरवायची सोय पाहिजे, त्याला वर्षाला एक रक्कम बाजूला काढलेली पाहिजे, आणि ती सोय करणं हे नेमकं कमिटीचं काम आहे. मी तीन वर्षं कमिटीवर होतो. कपाटाच्या किल्लीचा विषय एकदाही अजेंड्यावर आला नाही कारण जो तो आणू शकला असता तो दाराजवळ कप घेऊन उभा होता आणि जे इन्स्ट्रक्टर आणू शकले असते ते गेस्ट होते, वर्षाच्या ऑर्डरवर, ते कशाला तोंड उघडतील.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे, मीटिंग वर्कशॉपमध्ये घ्या. खुर्च्या लेथच्या मधे टाका. अर्धा तास मशीन चालू ठेवून पोरांना काम करू दे, तुम्ही नुसतं बघा, कोणती मशीन चालू आहे, कोणतीवर धूळ आहे, कोणता पोरगा काम करतोय आणि कोणते अठरा जण बघत उभे आहेत. उप्पीट तिथंच खा. अध्यक्ष साहेबांच्या पांढऱ्या शर्टला थोडा कूलंटचा वास लागेल, लागू दे.

दुसरी गोष्ट कोण बसतंय त्याची. शेठ लोकांनो राग मानू नका, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो, चांगली माणसं आहात, पण तुम्ही मशीनवर शेवटचा हात कधी लावलात? तुम्हाला बँक, पार्टी, जीएसटी, कामगारांची भांडणं एवढं सगळं बघायचं असतं. नवा पोरगा पहिल्या महिन्यात कशात चुकतो हे तुमच्या शॉपच्या सुपरवायझरला विचारा, फाउंड्रीत मोल्डिंगच्या मिस्त्रीला विचारा, तो पंधरा मिनिटांत सांगेल आणि ते कुठल्या रिपोर्टात नसेल. तेव्हा तुमच्या जागी त्याला पाठवा, त्या दिवसाचा पगार कापू नका. जर्मनीची मशीन म्हटली की आपण सगळे हात जोडतो, पण तिथं १९६९ च्या कायद्यात लिहून ठेवलंय की ट्रेडची परीक्षा घेणाऱ्या मंडळावर मालकांकडचे जितके तितकेच कामगारांकडचे पाहिजेत आणि निदान एक शिक्षक पाहिजे. आपल्याकडं कामगाराला मीटिंगला बोलवतात ते पंखा दुरुस्त करायला.

फाउंड्रीचं नाव निघालं म्हणून सांगतो. बेळगावची ओळख काय, कुंदा आणि कास्टिंग. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, होनगा, सगळीकडं ओतकाम आणि मशीनिंग, फाउंड्री क्लस्टर आपल्याकडं आहे, हायवेला हत्तरगीत एक्वस कंपनीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे भाग बनतात, एअरबस-बोइंगला जातात. आणि फाउंड्रीमनचा ट्रेड, एक वर्षाचा, देशाच्या यादीत आहे, तर साहेब, तुम्ही कौशल्य समितीच्या पुढच्या बैठकीत फक्त एवढं विचारा की आपल्या जिल्ह्यात तो किती ठिकाणी चालू आहे आणि किती सीटा भरल्यात. माझ्या आसपासच्या फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला), मोल्डिंगला (साचे करायला) ओडिशा-बिहारची पोरं आहेत, मेहनती पोरं, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, पण आमच्या गावातला पोरगा फाउंड्रीत का येत नाही हे कोणी त्याला विचारलं नाही. मला माहीत आहे. त्यानं आपल्या काकाला त्या धुळीत खोकताना बघितलंय. साच्याची सँड कशी टेस्ट करतात, स्पेक्ट्रो मशीनवर मेटलमध्ये काय काय आहे ते कसं बघतात, कॉम्प्युटरच्या सिम्युलेशनवर रायझर (साच्यातला जादा धातूचा साठा) कुठं ठेवायचा ते कसं ठरवतात, हे फाउंड्रीचं आजचं काम त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याच्यापर्यंत फक्त खोकला पोचला. आणि धूळ कमी करायची जबाबदारी आपली, मालकांची, ती सिलॅबसमध्ये घालून होत नाही.

पोरींचं पण तसंच. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूर, हुक्केरीकडच्या पोरींना बेळगावात येऊन शिकायला भाड्याची अडचण राहिली नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, कोणी श्रेय घेऊ दे. पण बस फुकट असून ती वेळेवर यायला पाहिजे आणि संध्याकाळचं प्रॅक्टिकल सुटल्यावर शेवटची गाडी मिळायला पाहिजे, आयटीआयचं टाइमटेबल आणि डेपोचं टाइमटेबल शेजारी ठेवून कोणी बघितलंय का? आणि पुढं नोकरी. मी स्वतः किती वर्षं तोंड वर करून सांगायचो, मुलगी नको ओ, आमच्याकडं सोय नाही. सोय म्हणजे काय, एक संडास. मागच्या वर्षी बांधला. आता एक मुलगी इन्स्पेक्शनला आहे आणि तिच्यामुळं माझं रिजेक्शन कमी झालंय, एवढी वर्षं मी एका संडासासाठी थांबलो होतो.

आता भाषेचं बोलतो, जरा जपून बोलतो कारण आपल्या भागात यावर बोललं की लगेच लोक झेंडे काढतात. मला भांडण नको. कन्नड शिकायलाच पाहिजे, माझ्या शॉपमध्ये अर्धी माणसं कन्नड आहेत, मी त्यांच्याशी कन्नडातच बोलतो आणि त्यातले दोघं माझ्याशी मराठीत भांडतात, आमचं छान चाललंय. पण मराठी शाळेतून दहावी झालेला पोरगा आयटीआयत येतो, पुस्तक इंग्लिश नाहीतर कन्नड, शिकवणारे सर मिक्स बोलतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत थिअरी त्याच्या डोक्यावरून जाते, मग तो प्रश्नांची उत्तरं पाठ करतो, आणि मग माझ्याकडं येऊन म्हणतो चित्रात बघितलाय. चेन्नईची निमी म्हणून केंद्र सरकारचीच संस्था आहे, आयटीआयची पुस्तकं तीच काढते, आणि ट्रेडची मराठी पुस्तकं पण काढते, सरकारच्या भारत स्किल्स वेबसाइटवर बघायला मिळतात. ती चार-चार प्रती लायब्ररीत ठेवायला कोणाचा विरोध असायचं कारण नाही, पोरगा मराठीत समजून घेईल आणि परीक्षा ज्या भाषेत द्यायची त्या भाषेत देईल. यादी कमिटीनं मंजूर करायची, बास. १९५६ ला राज्यं झाली तेव्हाच्याच केंद्र सरकारच्या निवेदनात आहे की ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत पण काढायच्या. ॲडमिशनची तारीख, ॲप्रेंटिसची जाहिरात, स्टायपेंडचा नियम, याच्यापेक्षा महत्त्वाची सूचना अठरा वर्षांच्या पोराला दुसरी कोणती असते?

सीमेचं म्हणाल तर ते २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ते तिथं चालू दे. पोराच्या पगाराला तारीख पे तारीख चालत नाही. आमच्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची पोरं सकाळी वेंगुर्ला रोडनं शिनोळीच्या एमआयडीसीत जातात, ते चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथून हलकर्णीला जातात. निपाणीची पोरं कागलला, गोकुळ शिरगावला जातात. तिकडची पोरं शिकायला बेळगावात येतात. हे रोजचं आहे, मोटरसायकलवर, डबा घेऊन. आणि आपल्या जिल्ह्याचा कौशल्याचा प्लॅन करताना कोणत्या उद्योगाला कसली माणसं पाहिजेत हे विचारलं जातं ते जिल्ह्यातल्याच उद्योगांना. सर्व्हेचा कागद कोगनोळीच्या नाक्यावर थांबतो, पोरं थांबत नाहीत. साहेब, शिनोळीच्या दोन आणि कागलच्या दोन कारखान्यांतली माणसं तुमच्या बैठकीला निमंत्रित म्हणून बोलवायला कोणत्या राज्याची परवानगी लागते? फोन करा, येतील. ॲप्रेंटिसचं पोर्टल तर अख्ख्या देशाचं एकच आहे, आमचा पोरगा तिकडं रजिस्टर होऊ शकतो, फक्त कोणी त्याला सांगत नाही.

ॲप्रेंटिसचं पण थोडं सांगतो. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीसवाल्याला, म्हणजे मला, ऐच्छिक. सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, आता थेट पोराच्या खात्यात टाकतं. चांगलंच आहे. पण काही ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर, वर्षभर पॅकिंग करतो, फोर्कलिफ्टच्या मागं पळतो आणि सर्टिफिकेट टर्नरचं घेऊन बाहेर पडतो. मी नाव घेणार नाही, घेतलं तर मला उद्या जॉबवर्क मिळणार नाही. कमिटीनं फक्त एवढं करावं, वर्षातून एकदा पाच ॲप्रेंटिसना मालक समोर नसताना विचारावं, बाळा तू कोणती मशीन चालवलीस?

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर परत पैसा येतोय म्हणून. कर्नाटकात २०२२ ला १५० आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर नव्या केल्या, साडेचार हजार कोटींच्या वर खर्च, जूनमध्ये पंतप्रधानांनी बेंगळुरूत लोकार्पण केलं, मशीन आल्या, चांगल्याच आल्या, मला पण तसल्या परवडत नाहीत. आता केंद्राची पीएम-सेतू योजना आली, २०२५ ची, १,००० सरकारी आयटीआय, २०० हब म्हणजे मुख्य आणि त्यांना जोडलेल्या ८०० स्पोक, ६०,००० कोटी, त्यात केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. आणि हे चालवायला परत उद्योगांच्या पुढाकारानं कंपनीसारखी एक व्यवस्था, म्हणजे परत टेबल, परत खुर्च्या, परत स्थानिक उद्योगाचा प्रतिनिधी. उद्या आमच्या भागातली कोणती आयटीआय हब झाली, किंवा स्पोक झाली, तरी त्या टेबलावर माझ्यासारखाच कोणीतरी शेठच्या बदली जाऊन चहा पिऊन येणार असेल तर साठ हजार कोटींतला आमच्या वाट्याचा बोअर गेज परत कपाटात जाणार.

म्हणून मीटिंगचं काय झालं ते भिंतीवर लावा. वेबसाइट नको, वेबसाइट कोण उघडतंय. वर्कशॉपच्या दाराला, कन्नड आणि मराठी दोन्हीत, एका कागदावर, मागच्या मीटिंगला काय ठरलं, कोणी करायचं होतं, कधीपर्यंत, झालं का नाही. नाही झालं तर नाही झालं लिहा, आम्ही काही खाणार नाही तुम्हाला. पोरं रोज ते दार ओलांडतात, ती वाचतील आणि तिसऱ्या महिन्यात कोणतरी एकटा धीट विचारेलच, सर ते ग्राइंडिंग व्हीलचं काय झालं. यासारखी देखरेख कुठल्या खात्याला जमणार नाही. आणि गेल्या वर्षी पास झालेली पोरं आता कुठं आहेत तेवढं एक त्याच कागदावर खाली लिहा. शंभर टक्के प्लेसमेंट असलं काही नको. माझ्याच बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघतो, मशीनवर राहिलेले हाताच्या बोटावर मोजण्याइतके, बाकी कोण गोव्यात हॉटेलात, कोण टेम्पोवर, कोण एलआयसी एजंट, सुखी आहेत बिचारे, पण सरकारच्या कागदावर आम्ही सगळे अजून टर्नर.

डिसेंबरात हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं, सगळे मंत्री गावात असतात, रस्ते बंद असतात, त्यातल्या एका दुपारी कौशल्य खात्याच्या मंत्र्यांना अर्धा तास आमच्याकडं आणा. पायलट गाडी नको, आमच्या गल्लीत वळत नाही. व्हीटीयूच्या साहेबांना पण बोलवा, ज्ञानसंगम आमच्यापासून खानापूर रोडला दहा मिनिटांवर, इंजिनिअरिंगचं विद्यापीठ १९९८ पासून, म्हणजे मी पास झालो त्याच वर्षी सुरू झालेलं, आम्ही दोघं एका बॅचचे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणे. माझ्याकडं या, माझ्या सेकंडहँड व्हीएमसीला एक बारका प्रॉब्लेम आहे, तीन वर्षं झाली, कोणाला सुटत नाहीय, तोच घ्या.

आणि तो विद्यार्थी प्रतिनिधी. मध्ये तो मला शिनोळीच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर भेटला, ओळख त्यानंच दिली, मला आधी आठवेना. आता तिकडं एका कंपनीत लाइनचा सुपरवायझर आहे, हाताखाली बारा पोरं. मी म्हटलं, अरे तेव्हा तुला बोलायला दिलं असतं तर काय बोलला असतास? तो हसला आणि म्हणाला, "मामा, कपाटाची किल्ली मागितली असती." मी त्याला बोअर गेजचं काही सांगितलेलं नव्हतं.

त्याला मी विचारून ठेवलंय, कमिटीवर यायला तो तयार आहे. सध्या त्याची सेकंड शिफ्ट आहे, तीनला आत जावं लागतं, तेव्हा मीटिंग सकाळी दहाच्या आत ठेवा आणि चहा दुसऱ्या कोणालातरी आणायला सांगा.

आपला,
उद्यमबागेतला एक टर्नर